मालव्यातील डिजिटेरिया गवत : तणनाशकांची चाचणी, शेतात आणि हिरवळीत

देवास हे मालव्याच्या पठारावरील जिल्ह्याचे ठिकाण इंदूरपासून आग्रा रस्त्याने सुमारे ३५ किलोमीटरवर आहे. पवार घराण्याच्या थोरल्या व धाकट्या पातींचे गाव म्हणून मराठी वाचकांस ते इतिहासातून परिचित असते. ही दोन्ही संस्थाने १९४८ मध्ये मध्य भारतात विलीन झाली. शेतीच्या दृष्टीनेही देवास महाराष्ट्राला परके नाही. तीच काळी भारी जमीन, तोच मृगाच्या पावसावर अवलंबून असलेला खरीप आणि विदर्भ-मराठवाड्यात आज सर्वत्र दिसणारे तेच सोयाबीन. सोयाबीनचा विस्तार प्रथम मालव्यात झाला आणि नंतर महाराष्ट्रात. सीहोर येथील केंद्रातून आलेला जे.एस. ३३५ हा वाण दोन्हीकडे वर्षानुवर्षे पेरला गेला. यास्तव या पिकातील गवतवर्गीय तणांविषयी मालव्यात जो अनुभव जमा झाला आहे, तो इकडील शेतकऱ्यांनी समजून घेण्यासारखा आहे.

जूनच्या अखेरीस पावसाने जमीन भिजली म्हणजे सोयाबीनच्या ओळींतून एक मऊ, पसरणारे गवत पिकाबरोबरच वर येते. त्याच सुमारास देवास शहरातील कचेऱ्यांच्या आवारात आणि बंगल्यांपुढे राखलेल्या हिरवळीतही तेच गवत डोके काढते. शेतात पीक द्विदल आहे व तण गवत आहे. हिरवळीत मात्र पीकही गवत आणि तणही गवत. साहजिकच ‘या गवतावर हे औषध चालते काय’ या एकाच प्रश्नाची दोन ठिकाणी दोन निराळी उत्तरे येतात. दुकानदाराचे किंवा शेजाऱ्याचे उत्तर यांपैकी कोणत्या जागेला लागू आहे, हे न पाहता केलेल्या फवारणीत पैसा जातो आणि पुष्कळदा पीकही जाते. औषधाची चाचणी कशी घेतात आणि तिचा निष्कर्ष कितपत धरावा, हे म्हणूनच समजून घेणे अगत्याचे आहे.

गवताची ओळख

या गवताचे शास्त्रीय कुलनाम डिजिटेरिया असे आहे. लॅटिन भाषेत बोटाला जो शब्द आहे त्यावरून हे नाव पडले, कारण त्याचा तुरा हाताच्या बोटांप्रमाणे फाकलेला असतो. इंग्रजीत त्याला क्रॅबग्रास, म्हणजे खेकड्याचे गवत म्हणतात. जमिनीलगत चारी बाजूंना पाय पसरावेत तशा त्याच्या फांद्या पसरतात आणि जेथे पेर मातीला टेकते तेथे मुळे फुटतात. भारतात डिजिटेरिया सँग्विनॅलिस व डिजिटेरिया सिलियारिस या जाती शेतातून व बागेतून विशेष आढळतात. गावोगाव नावे बदलतात आणि एकाच नावाने दोन-तीन गवते ओळखली जातात. म्हणून नावापेक्षा खुणेवर विसंबणे बरे.

सर्वांत अधिक घोटाळा हरळीशी होतो, कारण हरळीचा तुराही बोटांसारखाच असतो. पान खोडापासून जेथे फुटते त्या बेचक्यात बारकाईने पाहावे. डिजिटेरियात तेथे पातळ पापुद्र्यासारखी जिभली असते, तर हरळीत त्या जागी आखूड केसांची कड असते. सावा किंवा पाखड या नावांनी ओळखल्या जाणाऱ्या एकिनोक्लोआ गवतात ही जिभली मुळीच नसते. शिवाय हरळी बहुवर्षायू असून तिच्या काशा जमिनीत खोल जातात. डिजिटेरिया एका हंगामाचे. ते बियांवर जगते आणि थंडी पडू लागली की वाळून जाते. हा भेद केवळ वनस्पतिशास्त्राचा नाही. बियांवर जगणाऱ्या गवतावर उगवणपूर्व औषध परिणाम करते, काशांतून फुटणाऱ्या हरळीवर ते वाया जाते. औषध ‘चालले नाही’ अशा तक्रारी तपासू गेल्यास त्यांतील काही तक्रारींच्या मुळाशी गवत ओळखण्यातील हीच चूक निघते.

मोकळी जागा मिळाल्यास या गवताचे एकच झाड लाखाहून अधिक बी देऊ शकते. बी वरच्या दोन-तीन सेंटीमीटर थरातूनच चांगले उगवते, खोल गाडले गेल्यास फारच थोडे वर येते. परंतु सर्व बी एकदम उगवत नाही. पावसाच्या प्रत्येक उघडिपीनंतर नवी लाट येते. पहिली लाट मारणारे औषध तिसऱ्या लाटेच्या वेळी जमिनीत शिल्लक आहे काय, हा चाचणीतील एक मुख्य प्रश्न असतो.

ज्या कुळाची ही गवते, त्याच कुळातील काही जाती माणसाने धान्य म्हणून पिकविल्या आहेत. पश्चिम आफ्रिकेतील फोनिओ आणि मेघालयातील खासी टेकड्यांवरील रायशान ही दोन्ही डिजिटेरियाच होत. तणाला मुळातच तण असा काही गुण नसतो, ते कोठे उगवले यावर ते ठरते.

रसायनांपूर्वीचा मालवा

सोयाबीन येण्यापूर्वी मालव्यातील पुष्कळशी काळी जमीन पावसाळ्यात पडीक ठेवीत आणि रब्बीत गहू किंवा हरभरा घेत. पावसाच्या उघडिपीत शेतकरी बखर, म्हणजे आपला वखर, पुनःपुन्हा फिरवीत असे. ओल धरून ठेवणे हा त्यातील हेतू. पण त्याचबरोबर पावसाळी गवत फुलण्यापूर्वीच मोडले जाई. डिजिटेरियासारख्या बियांवर जगणाऱ्या गवताला या पद्धतीत थारा नव्हता. त्या काळचा खरा शत्रू होता कांस. त्याची मुळे वखराच्या पासेच्या खाली सुखरूप राहत. मध्य भारतातील कांसाने व्यापलेल्या जमिनी सोडविण्यासाठी भारताने १९४९ मध्ये जागतिक बँकेकडून एक कोटी डॉलरचे कर्ज घेतले आणि त्यातून जड ट्रॅक्टर आणून उन्हाळ्यात खोल नांगरट केली. एका गवतासाठी घेतलेले हे कर्ज पाहिले म्हणजे तणांचा प्रश्न किती जुना व किती खर्चाचा आहे याची कल्पना येते.

देवासपासून जवळच, इंदूर येथे, १९२४ मध्ये मध्य भारतातील संस्थाने व मध्यवर्ती कापूस समिती यांच्या साह्याने वनस्पती-उद्योग संस्था स्थापन झाली. सर अल्बर्ट हॉवर्ड १९३१ पर्यंत तिचे संचालक होते. हॉवर्ड व त्यांचे सहकारी यशवंत वाड यांनी शेतातील काडीकचरा, शेण, मूत्राने भिजलेली माती व राख यांपासून कंपोस्ट करण्याची जी पद्धती बसविली, ती जगभर ‘इंदूर पद्धती’ म्हणून ओळखली जाते. त्या पद्धतीत निंदून काढलेले गवत कचरा नसून कच्चा माल होता. मात्र ते बी धरण्यापूर्वी काढावे लागते आणि ढीग नीट तापावा लागतो.

याच संस्थेने शेतीच्या प्रयोगशास्त्रालाही मोठा हातभार लावला. १९३०च्या दशकात जोसेफ हचिन्सन आणि विनायक गोविंद पानसे यांनी इंदूर येथे कापसाच्या प्रयोगांसाठी वाफ्यांचा आकार, ठेवण व मांडणी कशी असावी याचा अभ्यास केला. पुढे पानसे व पांडुरंग वासुदेव सुखात्मे या दोघा मराठी संख्याशास्त्रज्ञांनी लिहिलेला, कृषि-कार्यकर्त्यांसाठी संख्याशास्त्रीय पद्धती सांगणारा इंग्रजी ग्रंथ १९५४ मध्ये भारतीय कृषि अनुसंधान परिषदेने प्रसिद्ध केला. देशातील कृषि महाविद्यालयांतून त्या ग्रंथावर अनेक पिढ्या शिकल्या. आज तणनाशकाचा कोणताही प्रयोग ज्या रीतीने आखला जातो, त्या रीतीची पायवाट या परिसरातून गेलेली आहे.

सोयाबीन आणि पावसाळी गवत

१९७०नंतर मालव्यातील खरीप-पडीक जमिनीवर सोयाबीन आले आणि चित्र पालटले. ज्या महिन्यांत वखर फिरत होता त्याच महिन्यांत आता जमिनीवर पीक उभे असते. गवताला ओल, खत आणि संरक्षण तिन्ही मिळाले. ओळींतून डोरा, म्हणजे आपल्याकडील डवरा किंवा कोळपे, फिरविता येतो. पण ओळीतील गवत हातानेच काढावे लागते. पेरणीनंतरच्या साधारण १५ ते ४५ दिवसांत पीक तणमुक्त राहिले नाही तर उत्पादनात मोठी घट येते, आणि नेमक्या याच दिवसांत मालव्यात झड लागते. काळी जमीन ओली असता पाय रुततो, वापसा येत नाही, डोरा चालत नाही आणि मजूरही मिळत नाहीत. मिळाले तर सर्वांच्या शेतात एकाच वेळी हवे असतात. तणनाशकाची गरज उत्पन्न झाली ती या अडचणीतून.

देशात तणनियंत्रणाच्या संशोधनासाठी अखिल भारतीय समन्वित योजना १९७८ मध्ये सुरू झाली, जबलपूर येथे तणविज्ञानाचे राष्ट्रीय केंद्र १९८९ मध्ये निघाले आणि सोयाबीनचे राष्ट्रीय केंद्र १९८७ मध्ये इंदूर येथे स्थापन झाले. देवास येथील कृषि विज्ञान केंद्रासारख्या संस्था या केंद्रांच्या शिफारशी शेतकऱ्यांच्या शेतावर प्रात्यक्षिकांतून दाखवितात.

औषध काम कसे करते

दुसऱ्या महायुद्धानंतर प्रचारात आलेले २,४-डी हे औषध रुंद पानांची तणे मारते व गवताला सोडते. सोयाबीन व कापूस ही रुंद पानांची पिके असल्याने या पिकांत ते घातकच आहे. कापूस तर त्याला इतका नाजूक आहे की, नीट न धुतलेल्या पंपातील अंशानेही त्याची पाने भेंडीच्या पानांसारखी चिरलेली निघतात. गवत मारून रुंद पानांच्या पिकाला सोडणारी औषधे नंतर आली.

सोयाबीनमध्ये डिजिटेरियासाठी जी औषधे विचारात घेतली जातात, त्यांचे दोन वर्ग पडतात. पेंडिमिथॅलिनसारखे औषध पेरणीनंतर, पण पीक व तण उगवण्यापूर्वी, ओलसर मातीवर फवारतात. ते कोवळ्या मुळांतील व कोंबांतील पेशींचे विभाजन थांबविते. वर आलेल्या गवतावर त्याचा उपयोग नाही. मातीच्या चिकणकणांना व सेंद्रिय द्रव्याला ते घट्ट चिकटते. म्हणून हलक्या जमिनीत पुरेशी पडणारी मात्रा भारी काळ्या जमिनीत अपुरी पडू शकते. अन्य राज्यातील वालुकामय जमिनीवर सिद्ध झालेली मात्रा देवासला जशीच्या तशी लागू करता येत नाही, याचे कारण हे. दुसरीकडे क्विझॅलोफॉप-इथाइलसारखे औषध तण दोन ते चार पानांवर असता, पेरणीनंतर १५ ते २० दिवसांनी, पिकावरूनच फवारतात. गवताच्या वाढत्या शेंड्यातील स्निग्धाम्लांची घडण ते बंद पाडते. सोयाबीनमधील तत्सम प्रक्रिया निराळ्या प्रकारच्या विकराने चालत असल्याने पीक वाचते. इमॅझेथापायर हे गवत व काही रुंद पानांची तणे अशा दोहोंवर चालते.

क्विझॅलोफॉप फवारल्यानंतर तिसऱ्या-चौथ्या दिवशी शेतात गेलेल्यास गवत हिरवेच दिसते आणि औषध फुकट गेले असे वाटते. आठ-दहा दिवसांनी मधले कोवळे पान ओढून पाहावे. ते सहज उपटून हाती येते व त्याचे बूड तपकिरी, सडलेले असते. गवत तेव्हाच मेलेले असते, पिवळे पडणे मागाहून होते. धीर न धरता दुसऱ्यांदा फवारणाऱ्याचा खर्च दुप्पट होतो.

जुन्या पत्रकांत सोयाबीनसाठी अ‍ॅलाक्लोरची शिफारस आढळते. भारत सरकारच्या २०१८ च्या आदेशान्वये अ‍ॅलाक्लोरच्या वापरास ३१ डिसेंबर २०२० पासून बंदी झाली आहे. जुनी कात्रणे जपून ठेवणाऱ्यांनी याची नोंद घ्यावी.

वाफ्यांवरील परीक्षा

फवारलेले गवत वाळले एवढ्यावरून औषध चांगले ठरत नाही. पाऊस ताणला तर गवत आपोआपही सुकते. म्हणून चाचणीत प्रथम दोन वाफे असे हवेत, ज्यांना औषध शिवलेलेच नाही. एकात तण मुळीच काढावयाचे नाही आणि दुसऱ्यात पीक हंगामभर हाताने निंदून स्वच्छ ठेवावयाचे. पहिला वाफा तणाची खरी ताकद दाखवितो, दुसरा पिकाची. शेतकऱ्याची नेहमीची रीत, म्हणजे २० व ४० दिवसांनी दोन निंदण्या, हा तिसरा वाफा. उरलेल्या वाफ्यांत औषधांच्या निरनिराळ्या मात्रा असतात. त्यांत शिफारशीच्या दुप्पट मात्रेचा वाफा अवश्य ठेवतात. कारण वळणावर, धुऱ्याकडे किंवा एकाच पट्ट्यावर दोनदा फवारा पडल्यावर शेतात दुप्पट मात्रा हटकून पडते आणि ती पिकाला सोसते की नाही हे आधी कळलेले बरे.

एकाच शेतात एक कोपरा पाणथळ, एक कोपरा उताराचा आणि एक जुन्या खळ्याचा असतो. तण कधी सारखे पसरलेले नसते. म्हणून सारे वाफे एकदा मांडून भागत नाही. शेताचे तीन-चार गट पाडून प्रत्येक गटात प्रत्येक उपचार एकदा येईल असे करतात आणि गटातील जागा चिठ्ठ्या टाकून ठरवितात. आपल्या आवडीच्या औषधाला चांगली जागा देण्याचा मोह, कळत वा नकळत, प्रत्येकाला होतो. चिठ्ठी त्याला आवर घालते.

मात्रेचा हिशेब साधा असला तरी चुका येथेच होतात. ५ मीटर लांब व ४ मीटर रुंद वाफा म्हणजे २० चौरस मीटर, हेक्टराचा पाचशेवा भाग. हेक्टरी ५०० लिटर पाणी धरल्यास वाफ्याला १ लिटर पाणी लागते. पेंडिमिथॅलिनच्या ३० टक्के द्रावणात लिटरमागे ३०० ग्रॅम क्रियाशील घटक असतो. हेक्टरी १ किलो घटक द्यावयाचा तर सुमारे ३.३ लिटर औषध हवे, म्हणजे वाफ्याला सुमारे ६.७ मिलिलिटर. क्विझॅलोफॉपच्या ५ टक्के द्रावणातून हेक्टरी ५० ग्रॅम घटक द्यावयास १ लिटर औषध लागते, वाफ्याला केवळ २ मिलिलिटर. एवढे औषध बाटलीच्या झाकणाने मोजणारा प्रयोग करीत नसून अंदाज करीत असतो.

मोठ्या शेतातही हेच. प्रथम साधे पाणी भरून १०० चौरस मीटर जागा नेहमीच्या चालीने फवारावी व किती पाणी लागले ते पाहावे. ४ लिटर लागल्यास हेक्टरी ४०० लिटर होतात. १६ लिटरचे २५ पंप भरतील आणि हेक्टरी १ लिटर औषधासाठी प्रत्येक पंपात ४० मिलिलिटर टाकावे लागेल. आता त्याच पंपाने दुसरा मनुष्य हळू चालला आणि ६ लिटर पाणी घालवू लागला, तर त्याचे साडेसदतीस पंप लागतील. पंपामागे ४० मिलिलिटर कायम ठेवल्यास हेक्टरी दीड लिटर औषध पडेल. औषध तेच, पंप तोच. मात्रा दीडपट झाली ती केवळ चालीमुळे. फवाऱ्याचे तोंडही पाहावे लागते. कीटकनाशकासाठी वापरतात ते गोल फवाऱ्याचे तोंड तणनाशकाला योग्य नाही. पट्टा सारखा पाडणारे फ्लॅट फॅन किंवा फ्लड जेट तोंड घ्यावे.

मोजणीसाठी ५० सेंटीमीटर बाजूची चौकोनी चौकट वाफ्यात डोळे मिटून टाकतात, तिच्या आतील तणे जातवार मोजतात आणि चारने गुणून चौरस मीटरची संख्या काढतात. संख्येपेक्षा वाळलेल्या तणाचे वजन अधिक बोलके असते. शंभर पिटुकली रोपे एका पसरलेल्या झाडाइतकी पिकाला बाधत नाहीत. समजा, न निंदलेल्या वाफ्यात चौरस मीटरला ८० ग्रॅम सुके तण भरले आणि औषधाच्या वाफ्यात १२ ग्रॅम. तर ६८ ग्रॅम तण कमी झाले, म्हणजे नियंत्रण ८५ टक्के. हा आकडा जाहिरातीत शोभतो. पण दुसरा आकडाही काढावा लागतो. समजा, निंदून स्वच्छ ठेवलेल्या वाफ्यातून हेक्टरी २० क्विंटल सोयाबीन निघाले आणि औषधाच्या वाफ्यातून १७. तर १५ टक्के पीक हातचे गेलेले आहे. ते उरलेल्या तणाने गेले की औषधाने पिकाला झालेल्या इजेने, हे दुप्पट मात्रेच्या वाफ्याकडे पाहून कळते. तणाचे ८५ टक्के नियंत्रण सांगणाऱ्याला पिकाचे काय झाले, हे विचारण्याचा हक्क शेतकऱ्याला आहे.

खर्चाच्या हिशेबात एक रकाना नेहमी रिकामा राहतो. निंदलेले डिजिटेरिया गवत जनावरे आवडीने खातात. निंदणाऱ्या बायका सायंकाळी त्याचाच भारा घरी नेतात. औषध फवारले की हा चारा बंद होतो, कारण फवारलेले गवत जनावरांना घालता येत नाही. निंदणीची मजुरीही त्याबरोबर जाते. शेतमालकाच्या दृष्टीने जी बचत आहे, ती ज्या घरात एखादी म्हैस आणि दोन मजूर बायका आहेत त्या घरात तूट असते. औषधाचा विचार करताना हेही ध्यानात असावे.

एका हंगामाचा निकाल तर कधीच अखेरचा मानू नये. पेरणीनंतर दोन दिवसांत झड लागली तर उगवणपूर्व फवारणीची वेळच निघून जाते. पाऊस ओढला तर कोरड्या मातीवर औषध निकामी पडून राहते. मालव्यात दोन्ही प्रकारची वर्षे येतात. म्हणूनच उगवणपूर्व औषध आणि त्यानंतर महिन्याच्या आत एक कोळपणी, अशा जोडीकडे शेतकऱ्यांनी अधिक पाहावे.

हिरवळीतील चाचणी

हिरवळ ही आपल्याकडे बहुधा हरळीची, म्हणजे दूर्वांच्याच जातीची असते. शेतात जिला खणून काढतात तिला येथे पाणी घालून वाढवितात. सोयाबीनमध्ये डिजिटेरियावर नामी ठरलेले क्विझॅलोफॉप हिरवळीत फवारल्यास हरळीही जळते. ग्लायफोसेट तर काहीच शिल्लक ठेवीत नाही. गवतातून गवत काढावयाचे असल्याने निवड फार थोड्या औषधांतून करावी लागते. थंड देशांत हिरवळींचे प्रस्थ मोठे. तेथे या एका गवतासाठी पूर्वी शिशाची व आर्सेनिकची संयुगे आणि पाऱ्याची औषधेही वापरीत. मुलांच्या खेळण्याच्या जागेवर अशी विषे टाकणे योग्य नव्हे हे उमगल्यावर ती मागे पडली आणि उगवणपूर्व औषधांकडे लक्ष वळले. पेंडिमिथॅलिन त्यांपैकीच एक आहे.

हिरवळीवर त्याची चाचणी घेताना वेळ पावसाच्या आधीची धरावी लागते, कारण डिजिटेरियाचे बी अद्याप उगवलेले नसते. वाफे लहान, दोन चौरस मीटरचेही चालतात. येथे उत्पादन तोलता येत नाही. म्हणून आडव्या-उभ्या दोऱ्या बांधलेली, शंभर छेदबिंदूंची चौकट जमिनीवर ठेवतात आणि किती बिंदूंखाली हरळी, किती बिंदूंखाली डिजिटेरिया आणि किती बिंदूंखाली उघडी माती आहे ते मोजतात. यांतील तिसऱ्या आकड्याकडे बहुतेकांचे दुर्लक्ष होते. डिजिटेरिया मेले पण हरळीने ती जागा भरून काढली नाही, तर पुढच्या पावसात तेथे पुन्हा तेच गवत उगवणार. या वर्गातील औषधे हरळीच्या पसरत्या फांद्यांना पेरापाशी फुटणारी नवी मुळेही रोखतात. त्यामुळे नव्याने लावलेल्या, अजून न भरलेल्या हिरवळीत ती वापरू नयेत. जुन्या, दाट हिरवळीत हा दोष फारसा जाणवत नाही.

हिरवळीत औषधाइतकाच परिणाम कापणीचा होतो, हे चाचणीतच दिसून येते. अगदी तळाशी कापलेल्या वाफ्यात ऊन मातीपर्यंत पोचते व डिजिटेरियाचे बी भरभर उगवते. थोडी उंच राखलेली, दाट हरळी जमिनीला सावली देऊन तेच काम विनाखर्च करते. आवाराची हिरवळ लहान असेल तर जुलैमध्ये दोनदा, तुरे येण्यापूर्वी, खुरप्याने गवत उपटणे हा आजही सर्वांत स्वस्त उपाय आहे. औषध फवारलेल्या हिरवळीची कापणी जनावरांपुढे टाकू नये.

पिकानंतर उरणारे

सोयाबीन निघाले तरी औषधाचा हिशेब मिटत नाही. इमॅझेथापायरसारख्या औषधाचा अंश जमिनीत काही महिने राहू शकतो. मोहरी किंवा बीट अशा नाजूक पिकांना तो जाणवतो. मालव्यात सोयाबीनमागून गहू-हरभऱ्याबरोबर बटाटा, कांदा, लसूणही घेतात. तेव्हा पुढचे पीक कोणते हे ठरवूनच औषध निवडावे. साधी परीक्षा घरीही करता येते. फवारलेल्या व न फवारलेल्या जागेची माती दोन कुंड्यांत भरून तीत मोहरीचे बी पेरावे आणि दोन आठवडे रोपांची वाढ ताडून पाहावी.

एकाच गटाचे औषध वर्षानुवर्षे वापरल्यास जी थोडी झाडे जात्याच त्याला दाद देत नाहीत तीच बी धरतात. हरियाणात गव्हातील गुल्लीडंडा या गवताने १९९०च्या दशकाच्या प्रारंभी आयसोप्रोट्युरॉन या औषधाला असाच प्रतिकार दाखविला आणि गव्हाची शेतेच्या शेते तणाने भरली. डिजिटेरियाही याला अपवाद नाही. अमेरिकेतील विस्कॉन्सिन राज्यात १९९२ मध्ये क्विझॅलोफॉपच्या गटातील औषधांना न जुमानणारे डिजिटेरिया नोंदले गेले. औषधांचा गट आलटून-पालटून घ्यावा आणि फवारणीतून वाचलेले गवत बी धरण्यापूर्वी हाताने उपटावे, असे सांगतात ते यासाठी.

कायद्याच्या भाषेत तणनाशकही कीटकनाशकच आहे. १९६८ चा कीटकनाशके अधिनियम व १९७१ चे नियम त्याला लागू आहेत. एकाहून अधिक ठिकाणच्या चाचण्या पाहून नोंदणी होते ती विशिष्ट पिकासाठी व विशिष्ट मात्रेसाठी. वेष्टनावर पिकाचे नाव नसेल तर त्या पिकात ते औषध वापरू नये, मग ते शेजारच्या शेतात कितीही चालले असो. डब्यावरील त्रिकोणाचा रंग विषाची तीव्रता सांगतो : लाल सर्वांत जहाल, त्याखालोखाल पिवळा, मग निळा आणि शेवटी हिरवा. हिरवा त्रिकोण म्हणजे निर्धास्तपणा नव्हे. यवतमाळ जिल्ह्यात २०१७ मध्ये फवारणी करताना विषबाधा होऊन शेतकरी व मजूर दगावले. हातमोजे, तोंडावर आच्छादन, पूर्ण बाह्यांचा सदरा व पायांत बूट यांखेरीज पंप पाठीवर घेऊ नये. वाऱ्याच्या विरुद्ध फवारू नये आणि उपाशीपोटी तर मुळीच नाही.

ज्यांना वाफे पाडून प्रयोग करणे शक्य नाही त्यांनी निदान शेताच्या मध्यभागी, चांगल्या जागी, पंपाच्या दोन पट्ट्यांइतकी जागा न फवारता सोडावी व दोन्ही टोकांना खुंट्या रोवाव्यात. बांधालगतची जागा यासाठी घेऊ नये, तेथे तण नेहमीच अधिक असते. तीन आठवड्यांनी त्या पट्ट्यातील व शेजारच्या फवारलेल्या पट्ट्यातील गवत सारख्या मापाच्या चौकटीतून उपटून वेगवेगळे वाळवावे व तोलावे, मळणीच्या वेळी दोन्हींचे सोयाबीनही वेगळे मोजावे. औषधाचे नाव, गट क्रमांक, मात्रा, फवारणीची तारीख आणि त्यानंतरच्या पावसाचे दिवस एका वहीत उतरवून ठेवावेत. तणनाशकासाठी एक पंप निराळा राखावा. ते न जमल्यास पंप, नळी व फवाऱ्याचे तोंड धुण्याच्या सोड्याच्या पाण्याने तीनदा धुवावे आणि ते पाणी विहीर, नाला किंवा गोठ्याच्या बाजूस न टाकता पडीक जमिनीत खड्डा करून जिरवावे.